खानदेशातील सांडपाणी-संशोधनाची वाटचाल : उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि त्याचा परिसर

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झाले आणि तोवर पुणे विद्यापीठाच्या कक्षेत असलेले जळगाव व धुळे हे दोन जिल्हे नव्या विद्यापीठाकडे आले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाल्यावर भूमी तीच राहून जिल्हे तीन झाले, आणि २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाचा सर्वांगीण इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विद्यापीठाच्या विज्ञान प्रशाळांत आणि संलग्न महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सांडपाणी व शहरांतून वाहून जाणारे पावसाचे पाणी शुद्ध करण्यासंबंधी जे काम उभे राहिले, ते कोणत्या पार्श्वभूमीवर उभे राहिले, कोणत्या दिशेने गेले आणि कोठे अपुरे पडले, एवढ्याचाच येथे विचार केला आहे. हा विचार करताना एक गोष्ट आरंभीच मांडणे आवश्यक आहे : ज्या प्रदेशात उन्हाळ्यात नद्या कोरड्या पडतात, तेथे सांडपाण्याचा प्रश्न हा घाण दूर नेण्याचा प्रश्न राहत नाही, तो पाणीपुरवठ्याचाच प्रश्न होतो, आणि खानदेशातील जे संशोधन ही गोष्ट ध्यानात ठेवून झाले तेच टिकाऊ ठरले.

तापी ही खानदेशाची मुख्य नदी पश्चिमवाहिनी असून सह्याद्रीतून येणाऱ्या गिरणा आणि पांझरा, अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर आणि सातपुड्यातून उतरणारी अनेर अशा नद्यांचे पाणी तिला मिळते. जळगावचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर असून धुळ्याचे त्याहूनही कमी आहे, आणि हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गिरणेचे पाणी १९६९ पासून मोठ्या धरणात अडले आणि इतर नद्यांवरही धरणे झाली, त्यामुळे धरणाखालचे पात्र उन्हाळ्यात वाळूचे आणि डबक्यांचे उरते. या स्थितीचा सांडपाण्याच्या शास्त्राशी फार जवळचा संबंध आहे. ब्रिटनमध्ये १८९८ मध्ये नेमलेल्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा सुचवली, आणि जिचा प्रभाव पुढे जगभरच्या मानकांवर पडला, तिच्या मुळाशी असे गृहीत होते की सोडलेल्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहते आहे. पांझरेच्या पात्रात चैत्र-वैशाखात सांडपाण्याच्या आठपट पाणी कोठून येणार? त्या दिवसांत शहराचा नाला नदीला मिळत नाही, तोच नदी होतो. आणि पुढे तापीच्या प्रवाहातून तो उकाई जलाशयाकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यातील लोकांच्या पिण्याच्या पाण्याकडे जातो.

पाण्याचे नियोजन खानदेशाला नवीन नव्हते. पांझरेसारख्या नद्यांवर लहान बंधारे बांधून पाटाने पाणी शेतात नेणारी आणि लाभधारकांच्या एकत्र निर्णयाने पिके ठरवणारी फड पद्धत येथे शतकानुशतके चालत आली, आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ मध्ये रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना नोकरीच्या आरंभीच पांझरेच्या खोऱ्यात नळाच्या वक्रनलिकेचे, म्हणजे पाणी नाल्याखालून पलीकडे नेऊन पुन्हा वर काढण्याच्या बांधकामाचे, अवघड काम मिळाले. हे सारे ज्ञान पाणी आणण्याचे आणि वाटण्याचे होते. वापरलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न त्या काळात उभाच राहिला नव्हता, कारण माणशी पाणी घागरींनी मोजले जाई, मोरीचे पाणी परसात जिरे आणि मैल्याचे सोनखत होऊन शेतात जाई. ते वाहून नेण्याचे काम समाजाने काही माणसांवर जातीने लादले होते, हा त्या व्यवस्थेचा अन्यायही नोंदवणे भाग आहे. घरोघर नळ आणि पाण्याचे शौचालय आल्यावर ही स्थिती पालटली. पुरवठा केलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे अभियंते धरतात. म्हणजे पाणी योजनेचा प्रत्येक विस्तार हा सांडपाण्याचाही विस्तार असतो, मात्र पहिल्यासाठी निधी मिळतो आणि दुसऱ्याचा विचार मागाहून होतो, असा महाराष्ट्रातील बहुतेक नगरांचा अनुभव आहे.

विद्यापीठाला या विषयात जी परंपरा लाभली ती तीन ठिकाणांहून आली. पहिली जागतिक परंपरा : १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडत राहिल्यास त्यातील जिवाणूंचा गाळ घाण खाऊन टाकतो आणि तोच गाळ पुन्हा वापरल्यास क्रिया वेगाने होते, हे दाखवून दिले, या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीमागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि हा विषय भारतीय प्रयोगशाळेत रुजला. दुसरी परंपरा नागपूरची. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जी १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते, भारतातील ऊन, भारतातील जमीन आणि भारतातील नगरपालिकांची ऐपत डोळ्यांसमोर ठेवून उथळ तळ्यांत शैवाल आणि जिवाणूंकरवी सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत अभ्यासली आणि तिची मार्गदर्शिका तयार केली. तिसरी परंपरा कायद्याची : महाराष्ट्राने केंद्राच्या १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यापूर्वीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी मंडळ स्थापन केले. त्यामुळे पाण्याचे नमुने घेणे, ते तपासणे आणि त्यांच्या आकड्यांवर कारखान्याला उत्तर मागणे ही कामे या राज्यात लवकर सुरू झाली आणि ती करू शकणाऱ्या पदवीधरांची गरजही लवकर निर्माण झाली.

पहिले कुलगुरू, गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे यांच्या काळात विद्यापीठाने विज्ञान विषयांच्या प्रशाळा उभारण्यास आरंभ केला. जळगावजवळ, गिरणेच्या सान्निध्यात, सुमारे ६५० एकरांचा खडकाळ माळ विद्यापीठाला मिळाला; पाणी अडवल्याशिवाय तेथे झाड जगत नव्हते, तेव्हा पाण्याचा हिशेब हा या संस्थेच्या दैनंदिन कारभाराचाच भाग होता. जीवशास्त्र प्रशाळा, रसायनशास्त्र प्रशाळा, पर्यावरण व भूशास्त्र प्रशाळा आणि १९९४ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जो पुढे संस्था म्हणून ओळखला जाऊ लागला, या चार ठिकाणी सांडपाण्याचा विषय चार वेगळ्या दारांनी आला. जीवशास्त्राला त्यात जिवाणू दिसले, रसायनशास्त्राला रंगद्रव्ये आणि जड धातू, भूशास्त्राला विहिरीत उतरणारे क्षार, तर तंत्रज्ञांना कारखान्यातून निघणारा प्रवाह आणि तो शुद्ध करण्याचा दर घनमीटर खर्च. या चौघांचे काम एका छताखाली एकत्र यावे अशी रचना मात्र आरंभी झाली नाही, आणि तिची उणीव पुढील कामात जाणवत राहिली.

या संशोधनातील मूळ मापाचा येथे खुलासा करणे उचित होईल. पाणी किती घाण आहे हे सांगण्याचे सर्वमान्य माप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, जिला प्रयोगशाळेत आणि कार्यालयात सर्रास बीओडी म्हणतात. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणू ठरावीक दिवसांत प्रत्येक लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू वापरतात, तो हा आकडा. शहरी सांडपाण्यात तो साधारण १५० ते ३०० असतो, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पात्रात तो ३ पेक्षा अधिक आढळल्यास त्या पट्ट्याची प्रदूषित म्हणून नोंद करते. युरोपात हे माप २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांचे घेतात, भारतात ते २७ अंशांना तीन दिवसांचे घेतात, कारण येथील उष्णतेत जिवाणू वेगाने काम करतात. ज्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेथे या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. उष्णता ही खानदेशातील सांडपाणी-शुद्धीकरणाची मोठी मदतनीस आहे आणि तीच बाष्पीभवनाने पाणी हिरावूनही नेते. या दोहोंचा मेळ घालणे हे येथील अभियंत्यापुढचे नेहमीचे कोडे आहे.

जीवशास्त्र प्रशाळेत २०१० आणि २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका कामाची नोंद येथे सविस्तर करावयास हवी, कारण प्रदेशाच्या मातीतून प्रश्न आणि साधन दोन्ही घेतल्यास काय साधते, याचे ते चांगले उदाहरण आहे. गढूळ पाण्यातील अतिसूक्ष्म कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवस दिवस खाली बसत नाहीत; तुरटी टाकली की हा भार नाहीसा होतो, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि तळाशी बसतात. खेड्यापाड्यांत निवळीचे बी उगाळून पाणी निवळत, तेही कण एकत्र आणूनच. तुरटी स्वस्त आहे, मात्र तिच्यामुळे ॲल्युमिनियमयुक्त गाळाचे ढीग तयार होतात आणि त्यांची विल्हेवाट हा नवा प्रश्न होतो. जळगावच्या संशोधकांनी तुरटीच्या जागी जिवाणूने तयार केलेली चिकट शर्करा वापरण्याचा मार्ग घेतला. त्यांनी निवडलेला जिवाणू ॲझोटोबॅक्टर कुळातला, म्हणजे खानदेशातील शेतकऱ्याला जिवाणू खताच्या पाकिटावरून नावाने परिचित असलेला. हा जिवाणू वाढताना आपल्याभोवती लांब साखळ्यांची बहुशर्करा सोडतो, आणि या साखळ्या पाण्यातील कणांना एकमेकांशी जोडून त्यांचे जड पुंजके बनवतात. त्याला वाढवण्यासाठी शुद्ध साखर वापरली असती तर पदार्थ परवडला नसता. म्हणून संशोधकांनी त्याला मोहफुलांचा अर्क दिला. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी वेचतात ती ही फुले साखरेने भरलेली असतात आणि दारूपलीकडे त्यांचा उद्योगात उपयोग फारसा झालेला नाही. मिळालेला पदार्थ दूध, लोकर, स्टार्च आणि साखर या उद्योगांच्या सांडपाण्यावर तपासला असता पाण्याच्या प्रकारानुसार बीओडीत सुमारे दोन-पंचमांशापासून चार-पंचमांशांपर्यंत घट आढळली.

हे आकडे प्रयोगशाळेतील भांड्यांतले आहेत, आणि त्यांतील तफावतीचाही अर्थ लक्षात घ्यावयास हवा : एकाच पदार्थाने एका सांडपाण्यातील बहुतेक घाण खाली बसवली आणि दुसऱ्यातील निम्म्याहून कमी, कारण गाळाच्या रूपातली घाण अशा उपायाने बसते, पाण्यात विरघळलेली बसत नाही. म्हणून हा उपाय शुद्धीकरणाची पहिली पायरी होऊ शकतो, संपूर्ण शुद्धीकरण नव्हे. तरीही धुळे-नंदुरबारच्या जंगलातील गौण वनोपज, शेतीतील परिचित जिवाणू आणि या भागातील दूध व स्टार्च उद्योगांचे पाणी या तीन गोष्टी एका प्रयोगात आणणे, ही या विद्यापीठाने शास्त्राला दिलेली स्वतःची भर आहे, आणि ती अभिमानाने नोंदवण्यासारखी आहे.

दुसरा मोठा प्रवाह अधिशोषणाचा. एखाद्या सच्छिद्र घन पदार्थाच्या पृष्ठभागावर पाण्यातील रंग, धातू किंवा अन्य रेणू चिकटून बसतात, या क्रियेला अधिशोषण म्हणतात, आणि त्यासाठी वापरला जाणारा सक्रिय कोळसा महाग असल्याने शेतातील टाकाऊ पदार्थांपासून तो बनवण्याचे प्रयत्न देशभर झाले. केळीच्या, कापसाच्या आणि डाळींच्या या प्रदेशात अशा कच्च्या मालाला तोटा नाही. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नंदुरबारच्या जी. टी. पाटील महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र संशोधन केंद्रातून रंगद्रव्ये आणि जड धातू अधिशोषणाने, तसेच प्रकाश-उत्प्रेरणाने, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थावर प्रकाश पाडून प्रदूषकाचे विघटन करण्याच्या रीतीने, काढण्यावर दीर्घकाळ काम झाले. जिल्हा पातळीवरच्या महाविद्यालयात, मर्यादित उपकरणांवर, विद्यार्थ्यांच्या पिढ्या या कामात तयार झाल्या आणि त्यांतील पुष्कळ जण पुढे उद्योगांच्या व शासनाच्या प्रयोगशाळांत गेले; हे फळ शोधनिबंधांच्या संख्येत मोजता येत नाही.

मात्र या प्रवाहाची मर्यादाही स्पष्टपणे सांगावयास हवी. देशभर या विषयातील बहुतांश प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात मिथिलीन ब्लूसारखा एकच रंग मिसळून होतात, आणि नाल्याच्या पाण्यात तो रंग एकटा कधीच नसतो. तेथे साबण, तेल, क्षार आणि मैला त्याच पृष्ठभागासाठी स्पर्धा करतात. शिवाय रंग शोषून भरलेला कोळसा पुढे कोठे टाकायचा याचे उत्तर दिल्याखेरीज प्रदूषण पाण्यातून काढून जमिनीत नेल्यासारखे होते. खऱ्या नाल्याचे पाणी, बारा महिने, त्याच ठिकाणाहून घेऊन केलेली कामे ज्या प्रमाणात व्हावयास हवी होती त्या प्रमाणात झाली नाहीत, आणि हा दोष संशोधकांच्या आळसाचा नसून पीएच.डी.च्या मुदतीचा, निधीच्या लहान हप्त्यांचा आणि नगरपालिका व विद्यापीठ यांच्यात नसलेल्या कराराचा आहे.

यंत्रांनी हवा सोडणाऱ्या सक्रिय गाळ पद्धतीला अखंड वीज लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील नगरांनी दीर्घ भारनियमन सोसले, आणि हवा थांबली की टाकीतील प्राणवायू संपून जिवाणू मरतात व यंत्रणा पुन्हा मार्गी लागण्यास दिवस लागतात, ही गोष्ट या पद्धतीची निवड करताना विसरून चालत नाही. त्यामुळे कमी विजेच्या पद्धतींकडे पर्यावरणशास्त्राचे लक्ष गेले. जर्मनीत १९५० च्या दशकात केटे सायडेल यांनी पाणवनस्पतींच्या मुळांकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग सुरू केले होते. नीरीने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. त्यात खडीने भरलेल्या कुंडांत कर्दळ, पानकणीस यांसारख्या वनस्पती लावतात, सांडपाणी खडीच्या पृष्ठभागाखालून सावकाश वाहते, खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात आणि मुळे त्यांना थोडा प्राणवायू पुरवतात. पाणी उघड्यावर नसल्याने डास होत नाहीत आणि उथळ तळ्यांच्या तुलनेत बाष्पीभवनही कमी होते, म्हणून वसतिगृहे, सोसायट्या, शाळा आणि लहान गावे यांसाठी खानदेशात ही पद्धत विशेष अनुरूप आहे. मोठ्या शहराच्या सगळ्या पाण्याला मात्र तिला लागणारी जागा मिळणे कठीण.

शहरी पावसाच्या पाण्याकडे या सर्व काळात फारच कमी लक्ष गेले. आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, टायरांचा चुरा, इंजिनाचे तेल, जनावरांचे शेण आणि उघड्या गटारांतील गाळ पहिल्या एकदोन जोरदार सरींनी एकदम वाहून जातो, आणि या पहिल्या लोंढ्यातील प्रदूषण नंतरच्या पावसापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. दीर्घ कोरडा काळ आणि त्यानंतर एकदम येणारा पाऊस असा खानदेशाचा क्रम असल्याने हा लोंढा येथे विशेष तीव्र असणार, हे तर्काने उघड आहे. जळगावचा मेहरूण तलाव हा शहराच्या विस्तारात सापडलेला जलाशय. त्याच्या पाण्याचा आणि त्यातील जीवसृष्टीचा अभ्यास स्थानिक महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी केला, तथापि तो महिन्याकाठी घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेल्या पद्धतीचा होता, आणि पहिल्या लोंढ्याचे प्रदूषण मोजायचे तर पाऊस सुरू झाल्यापासून दर काही मिनिटांनी नमुना घ्यावा लागतो. अशी स्वयंचलित साधने महाग आहेत हे खरे, परंतु विद्यार्थ्यांचा एक गट आणि बाटल्यांची एक पेटी एवढ्यावरही आरंभ करता येतो.

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका २००३ मध्ये झाल्या, आणि २०१५ मध्ये केंद्राची अमृत योजना आल्यावर जळगाव, धुळे व भुसावळ तिच्यात समाविष्ट झाली. तेव्हा भूमिगत गटारे आणि शुद्धीकरण केंद्रे हा विषय प्रथमच मोठ्या निधीसह येथे पोहोचला. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते, आणि त्यांत तापी, गिरणा, पांझरा या नद्यांची नावे होती. त्याच सुमारास मानकेही बदलली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये महानगरे वगळता इतर ठिकाणच्या नव्या केंद्रांसाठी बाहेर पडणाऱ्या पाण्यातील बीओडीची मर्यादा ३० ठेवली होती, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ती १० पर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला. ज्या नदीत मिसळण्यास पाणीच नाही, तिच्यासाठी कठोर मर्यादा योग्यच आहे, आणि खानदेशातील अभ्यासकांनी ही बाजू मांडताना १९१२ च्या त्या आठपट पाण्याच्या गृहीताची आठवण अवश्य द्यावी.

शुद्ध केलेल्या पाण्याचे पुढे काय, या प्रश्नाला आता दोन उत्तरे उपलब्ध आहेत. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी तेथील शुद्ध पाणी वापरणे बंधनकारक आहे; नागपूर महापालिकेचे पाणी कोराडीच्या केंद्राला दिले जाते, आणि जळगाव शहरापासून भुसावळजवळचे दीपनगर केंद्रही या अंतरात येते. दुसरे उत्तर शेतीचे, आणि येथे विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना व रसायनशास्त्रज्ञांना करण्यासारखे मोठे काम आहे. घरगुती सांडपाण्यात धुण्याच्या पावडरीमुळे आणि मिठामुळे सोडियम जास्त असते, आणि शुद्धीकरणात घाण निघून गेली तरी सोडियम निघत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. अशा जमिनीला सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे दिल्यास मातीचे कण सुटे होऊन भेगा व छिद्रे बुजतात, पाणी जिरत नाही आणि जमीन चोपण होते. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, हे गुणोत्तर पाण्याच्या प्रत्येक स्रोतासाठी काढणे, केळीसारख्या बारमाही पाणी घेणाऱ्या पिकावर ठिबकने हे पाणी देऊन मातीचे थर काही वर्षे तपासणे आणि जिप्समची मात्रा ठरवणे, हे काम प्रयोगशाळेतील भांड्यात होणारे नाही. त्यासाठी शेतकऱ्याचे शेत, महापालिकेचे पाणी आणि विद्यापीठाची उपकरणे एकाच करारात यावी लागतील, आणि नव्या शुद्धीकरण केंद्रांतून पाणी मिळू लागल्याबरोबर ते हाती घेणे इष्ट होईल, कारण जमीन एकदा चोपण झाली की ती सुधारण्यास अनेक हंगाम जातात.